हेंड्रिकशेठ, येतो मग

हौशीरामच्या घरात दोन पंथ नांदतात.

सरूबाईचा पंथ भवानीचा. बाजारात सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही. मेथीची जुडी तो म्हणेल त्या भावाला द्यायची, आलेली नोट कपाळाला लावायची आणि मग उरलेला दिवस बाकीच्यांशी निवांत भांडायचं. हौशीरामचा पंथ बराखीचा. उन्हाळी कांदा निघाला की तो बराखीत, म्हणजे वारं खेळेल अशा फळ्यांच्या चाळीत, भरायचा आणि थांबायचं. भाव चढला तर अजून चढेल म्हणून थांबायचं, पडला तर आता चढेलच म्हणून थांबायचं. दिवाळी होते, नवा लाल कांदा बाजारात उतरतो आणि हौशीरामच्या बराखीखालची माती ओली व्हायला लागते. कुणी विचारलंच तर तो म्हणतो, "औंदा हवा दमट व्हती." आजवर चूक झाली ती हवेचीच.

आरोही ही या दोघांची एकुलती एक. तिनं पुण्यात एमबीए केलं, एका कंपनीत माल कधी मागवायचा आणि कधी नाही हे ठरवायची नोकरी केली, आणि एक दिवस ती सोडून घरी आली. म्हणाली, बिझनेस स्कूलमध्ये पीएचडी करायची, त्यासाठी परदेशात अर्ज टाकणार. अर्ज म्हटल्यावर घरातल्या दोन पंथांचं कसं जुळायचं, ही काळजी मला तेव्हाच लागली होती.

माझं महाळुंगे पडवळमध्ये खता-औषधांचं दुकान आहे. दुकानात बसलं की माणसं वाचायची खोड लागते. बियाणं घ्यायला आलेला माणूस आधी भाव विचारतो की उगवण विचारतो, एवढ्यावर त्याचा अर्धा हिशेब होतो. हौशीराम दोन्ही विचारत नाही. तो विचारतो, "गेणभाऊ, राजुरीच्या पावण्यांनी कंचं नेलं?"

राजुरीच्या पाहुण्यांचा सार्थक तीन वर्षांपूर्वी पीएचडीला अमेरिकेत गेला. तेव्हापासून पाहुणे लग्नाच्या मांडवात भेटले तरी घड्याळात बघून म्हणतात, "आता तिकडं पहाट झाली आसंल." हौशीरामला ती पहाट फार लागली होती. आरोहीचा एकही अर्ज गेलेला नसताना त्यानं एका साखरपुड्यात सांगून टाकलं की आमची पण अमेरिकेला निघालीय.

आरोहीच्या घरी मोबाईलची रेंज कधी असते, कधी नसते. माझ्या दुकानामागच्या गोदामात फायबरचं नेट आहे. म्हणून ती गोदामात बसून अर्ज भरायची, लॅपटॉप गोण्यांच्या थप्पीवर ठेवून. हौशीराम काही ना काही निमित्त काढून दुकानात यायचा. एकदा तिनं आम्हां दोघांना सगळं समजावून सांगितलं.

"अमेरिकेत अख्ख्या कॉलेजला अर्ज करायचा, काका. डिसेंबरात अर्ज, मार्चपर्यंत उत्तर. घेतलं तर आधी दोन वर्षं वर्गात बसायचं, परीक्षा द्यायच्या. कुणाच्या हाताखाली काम करायचं ते मग ठरतं. पाच-सहा वर्षं जातात. तिथं आपण विद्यार्थी."

"आन् युरोपात?"

"तिकडं बऱ्याच ठिकाणी एखाद्या प्रोफेसरकडं काम निघतं आणि त्या एका जागेची जाहिरात येते. वर्षात कधीपण. घेतलं तर करार, पगार, चार वर्षं. तिथं आपण नोकर."

"म्हंजी सालगडी," हौशीराम म्हणाला.

"चार सालांचा," मी भर घातली.

"सालगड्याच्या पगारातून पेन्शन कापतात का, नाना? तिकडं कापतात," आरोही वडिलांना म्हणाली.

हौशीराम विचारात पडला. "मंग तलाठी म्हन," तो म्हणाला. पण त्याचं समाधान झालं नव्हतं. अमेरिकेचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे. युरोपातल्या देशांचा भाव गावात निघतच नाही. आरोही ज्या जागेवर डोळा ठेवून होती ती होती नेदरलँड्समध्ये.

"ह्ये कुठं आलं?"

"हॉलंड म्हणतात ते. आपली एचएफ गाय मूळची तिकडची."

हौशीरामनं टोपी मागं सारली. त्याच्या गोठ्यात तसल्या दोन होत्या, उन्हाळ्यात धापा टाकत उभ्या राहायच्या. "तिकडच्या गाया हिकडं आल्या," तो म्हणाला, "आन् आपली पोर तिकडं धाडायची. कायतरी चुकतंय, राव."

डिसेंबरात अमेरिकेचे अर्ज गेले. हॉलंडच्या जागेचा अर्ज त्याआधीच गेला होता. अर्जासोबतच्या प्रस्तावात आरोहीचा विषय होता, भाव पडत असतानाही माणूस माल का धरून ठेवतो. उदाहरणाला तिनं एक कांदा शेतकरी घेतला होता. नाव दिलेलं नव्हतं, पण दमट हवा होती आणि बराखीखालची ओली माती होती. मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "नानांना सांगू नका."

जानेवारीत हॉलंडहून उत्तर आलं. प्रोफेसरांचं नाव हेंड्रिक. दोन मुलाखती झाल्या होत्या. आता त्यांनी कळवलं होतं की जागा तुझी, पुढच्या शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांग, आणि काही विचारायचं असेल तर बुधवारी पुन्हा एकदा बोलू. अमेरिका मार्चशिवाय तोंड उघडणार नव्हती.

आरोही गोदामात आली तेव्हा तिचा चेहरा काही मला जागा मिळालेल्या माणसाचा वाटला नाही.

"माझं मन तिकडंच आहे, काका. त्यांनी माझं लिहिलेलं ओळ न् ओळ वाचलंय. अमेरिकेत माझं नाव तरी कुणी नीट वाचलं असेल का, माहीत नाही. पण चार वर्षं एकाच माणसाच्या भरवशावर काढायची. आणि नानांनी तर गावभर अमेरिका करून ठेवलीय."

"मग काय ठरवलंस?"

"बुधवारी मार्चपर्यंत मुदत मागते."

"म्हणजे भाव येईपर्यंत बराखीत," मी म्हणालो.

तिला हसू आलं नाही. उलट जरा दचकल्यासारखीच झाली. मी म्हटलं, जाऊ दे, रक्ताला इलाज नाही.

बुधवारी दुपारी ती गोण्यांपुढं लॅपटॉप मांडून बसली. मी दाराशी स्टुलावर. हौशीराम कुठूनतरी उगवला आणि तणनाशकाच्या बाटल्यांवरची तारीख वाचत उभा राहिला. गेल्या दहा वर्षांत त्यानं बाटलीवरची तारीख वाचलेली मी पाहिली नव्हती.

पडद्यावर हेंड्रिक आले. साठीकडं झुकलेले, केस विस्कटलेले, स्वेटरची एक बाही वर एक खाली. आरोहीनं त्यांना "हॅलो हेंड्रिक" म्हटलं आणि हौशीरामच्या हातातली बाटली खाली जाता जाता राहिली.

"बापाच्या वयाच्या मान्साला नावानं हाक मारती," तो माझ्या कानात म्हणाला.

"तिकडं तशीच पद्धत आहे."

"आसंल. आपुन कशाला सोडायची."

आरोही मुदतीची गोष्ट काढणार, एवढ्यात हेंड्रिक पुढं वाकून पडद्यात बघायला लागले. मागं कोण उभं आहे ते, त्यांनी विचारलं. आरोही म्हणाली, माझे वडील. त्यावर हेंड्रिकचा चेहरा असा खुलला की मुदत बाजूलाच राहिली. ते म्हणाले, प्रस्तावातले तेच का?

आरोहीनं माझ्याकडं बघितलं. मी बाटल्यांकडं बघितलं.

"काय म्हनत्यात?" हौशीराम पुढं सरकला.

"म्हणतात, तुमच्याबद्दल त्यांनी वाचलंय."

दुसरा कुणी असता तर विचारता, काय वाचलं, कुठं वाचलं. हौशीरामनं टोपी सारखी केली आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन बसला. हेंड्रिक विचारत होते, आरोही मराठीत सांगत होती. परवाच्या साली श्रावणात भाव चांगला असताना कांदा विकायला का काढला नाही?

"त्यांना सांग, चढत्या भावात इकायला मानूस भित्रा लागतो."

"आणि उतरत्या?"

"उतरत्या भावात येडा लागतो."

हेंड्रिकनी ते लिहून घेतलं. मग हसले, मग पुन्हा लिहून घेतलं. हौशीराम इतका रंगला की बराखीला उसाचं पाचट कुठलं घालावं, फळीत फट किती ठेवावी, सगळं सांगून झालं. पडद्यावरचा माणूस मान हलवतोय, वहीत उतरवून घेतोय, असा श्रोता त्याला घरात कधी मिळाला नव्हता. शेवटी हेंड्रिकनी घड्याळ बघितलं, म्हणाले, मला वर्गावर जायचंय, छान वाटलं भेटून.

इथं एक सांगायला हवं. दहावीला आमच्या अख्ख्या बाकात इंग्रजीत पास झालेला हौशीराम एकटा. मी दोनदा बसलो आणि दुकान टाकलं. त्यामुळं तालुक्याला बँकेत गेलो तरी इंग्रजी कागद तो माझ्या हातातून ओढून घेतो. एवढ्या मोठ्या माणसाचा निरोप दुसऱ्याच्या तोंडानं घेणं त्याला कमीपणाचं वाटलं असणार. तो उठला, हात जोडले आणि दणदणीत आवाजात म्हणाला, "ओके हेंड्रिकशेठ. वुई आर कमिंग."

हेंड्रिक क्षणभर थांबले. मग दोन्ही हात वर करून म्हणाले, "वंडरफुल!" आणि पडदा काळा झाला.

"नाना," आरोही म्हणाली, "हे काय बोललात?"

"येतो म्हनलं."

"कुठं येतो?"

"आता उठताना येतो न्हाई म्हनायचं तर काय म्हनायचं?"

दुकान बंद करायच्या आत मेल आला. हेंड्रिकनी लिहिलं होतं, तुझा निर्णय तुझ्या वडिलांच्या तोंडून ऐकून आनंद झाला. ऑफिसला कळवतोय, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला उद्या सकाळी नकार पाठवतोय.

बाजारातून सरूबाई परस्पर दुकानात आल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची रिकामी पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मंग बरोबर हाय की. भवानी झाली."

"अगं, म्या काय इकलं का? म्या निरोप घेतला."

"आजवर तुमी येक कांदा येळंवर इकला न्हाई, आन् पोरगी येका शब्दात दिली. भावजी, ह्यांना रोज फोनवर बसवा. बराख तरी मोकळी व्हईल."

आरोही हसत नव्हती. "आई, मी हो म्हटलेलं नाही. गप्प बसले तर खोट्यावर चार वर्षं काढायची. आणि खरं कळवलं तर ते म्हणतील, हिचं हो म्हणजे हो नसतंच. उद्या सकाळी दुसऱ्याला नकार गेला की मागं फिरायला तोंड राहणार नाही. जे काय सांगायचं ते आत्ताच."

"काय सांगशील?" मी विचारलं.

"हेच. की आमच्यात जाताना जातो म्हणत नाहीत."

"जाते म्हनू नये बाई. येते म्हनायचं, म्हंजी मानूस परत येतं," सरूबाई म्हणाल्या. "तिकडं चालत आसंल."

आरोही लिहायला बसली. दोन ओळी लिहायची, पुसायची. मी समजून होतो. वडिलांचं इंग्रजी चुकलं असं लिहायचं तिच्या बोटांना होत नव्हतं. रेंज खराब होती असं लिहिता आलं असतं. ऐकण्यात गफलत झाली असंही. हौशीराम गोणीला टेकून उभा होता. दमट हवा नावाची त्याची जुनी सोय आत्ता अगदी हाताशी होती.

"लिव्ह," तो म्हणाला. "नानाचं इंग्रजी कच्चं हाय म्हून लिव्ह."

"नाना, तसं नको. मी लिहिते की आमच्या भाषेत—"

"ते बी लिव्ह. पन आधी माझं लिव्ह. माझं म्या बोललो, त्यात भाषेनं काय केलं."

तीस वर्षं मी या माणसाला बुडताना बघतोय आणि त्यानं एकदाही नुकसान स्वतःच्या नावावर टाकलं नव्हतं. त्या संध्याकाळी टाकलं, तेही माझ्यासमोर, जो इंग्रजीत दोनदा नापास. मी पावतीपुस्तक चाळायला घेतलं. बोललो असतो तर त्यानं परत काढून घेतलं असतं.

मेल गेला. मार्चपर्यंत मुदत मिळेल का, हेही त्यात विचारलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आरोहीनं उभ्यानं वाचून दाखवलं. मार्चपर्यंत जागा धरून ठेवता येणार नाही; दुसरा उमेदवारही वाट बघतोय आणि त्याच्याही घरी माणसं असतील. पण मोकळेपणानं सांगितलंस म्हणून शुक्रवारच्या ऐवजी सोमवारपर्यंत थांबतो. खाली लिहिलं होतं की आमच्या डच भाषेतही निघताना 'तोत झीन्स' म्हणतात, म्हणजे पुन्हा दिसू तोवर.  आणि वडिलांना सांग, माझी एक होडी सहा वर्षं विकायची आहे, चांगलं गिऱ्हाईक येईल म्हणून थांबलोय, ती आता तळाला कुजायला लागली.

हौशीरामनं शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली.

"आपल्यातला हाय," तो म्हणाला. "केवढ्याला ठिवलीय होडी?"

"विचारू?"

"नको. त्याला वाटायचं गिऱ्हाईक आलं."

रविवारी तो एकटा दुकानात आला. काही घ्यायचं नव्हतं. राजुरीच्या पाहुण्यांनी काय नेलं तेही विचारलं नाही. बराच वेळ तराजूच्या पारड्यात किलोचं वजन ठेवायचा, काढायचा.

"गेणभाऊ, पोरीला वाटतंय म्या अमेरिकेपायी अडून बसलोय."

"नाहीस?"

"बसलोय. पन कांदा माझा व्हता म्हून धरून ठिवला. नासला तर माझा नासला. ही काय माझी बराख हाय का?"

"हे तिला सांग."

"तुला सांगितलं ना."

"मी जाऊन सांगू?"

"तू दुकान बघ," तो म्हणाला आणि गेला.

सोमवारी सकाळी आरोही आली, मागोमाग हौशीराम. ती लॅपटॉप उघडून बसली आणि दोघं एकमेकांकडं न बघता माझ्याकडं बघायला लागले, जसा काही मी त्यांचा दुभाषी. मग हौशीरामनं घसा साफ केला.

"तुला काय लिव्हायचं ते लिव्ह. मला इचारू नको."

"का?"

"म्या थांब म्हननार. मला तेवढंच येतं."

आरोहीनं मान खाली घातली. मला वाटलं रडते की काय, पण ती टाईप करत होती. फार वेळ लागला नाही. पाठवून झाल्यावर तिनं लॅपटॉप आमच्याकडं फिरवला. एवढंच होतं: आय ॲम कमिंग. खाली आणखी एक ओळ होती. हौशीरामनं ती बोट फिरवत वाचली आणि माझ्याकडं वळला.

"ह्ये काय लिव्हलंय सांगू का तुला?"

"सांग. मी नापास आहे."

"म्हनती, या टायमाला इंग्रजीत येते."

मार्चात अमेरिकेची उत्तरं आली तेव्हा मी त्यांच्या घरी होतो. एकानं नाही म्हटलं. दुसऱ्यानं वेटिंग लिस्टवर ठेवलं होतं.

"म्हंजी काय?" हौशीरामनं विचारलं.

"म्हणजे थांबा म्हणतात, नाना. एखाद्यानं जागा सोडली तर."

त्याच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी श्रावणात कांद्याचा भाव सांगताना बघतो. "किती दिस थांबा म्हनत्यात?" तो म्हणाला.

"आवं," सरूबाई चुलीपासून म्हणाल्या, "भवानी झालीय तिची."

ऑगस्टअखेर ती निघाली. मुंबईला न्यायला माझीच गाडी होती. निरोपाला राजुरीचे पाहुणेही आले होते आणि घड्याळात बघत होते. हौशीराम त्यांना ओट्यावर बसवून सांगत होता, "आमची नोकरीला चाललीय. सार्थकचं काय, आजून शिकतोय का? शिकू द्या, घाई न्हाई. हिची पेन्शन कापत्यात." पाहुण्यांनी हॉलंड कुठं आलं विचारलं, तेव्हा त्यानं गोठ्याकडं बोट केलं. मागं बराख गच्च भरलेली होती. त्या आठवड्यात भाव चढला होता, आणि अजून चढेल असा त्याचा अंदाज होता.

सरूबाईंनी ओवाळलं, दही-साखर हातावर ठेवली. आरोही माझ्या पाया पडली, मग वडिलांच्या. उठून म्हणाली, "येते, नाना."

एरवी यावर म्हणतात, या, सावकाश जा. हौशीराम मात्र गाडीचं दार धरून उभा राहिला.

"इंग्रजीत का मराठीत?" त्यानं विचारलं.

आरोहीनं खांद्यावरची पिशवी सावरली.

"मराठीत," ती म्हणाली.

"मंग बस गाडीत," हौशीराम म्हणाला, आणि दार त्यानंच लावलं.